नऊ फरश्यांची खोली

लाइट यायला अजून तासभर तरी लागेल. गारगोटीत एकदा गेली की अशीच जाते. ती मेणबत्ती जरा अलीकडे घ्या आणि बसा. तुम्ही मघाशी विचारलंत, विद्यापीठात साडेचार वर्षं संशोधन करून पीएचडी शेवटाला आल्यावर का सोडली, आणि दर रविवारी सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला कुणाकडे जाते. दोन्हींचं उत्तर एकच आहे. आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगून होईल असं वाटत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी मी उदयसिंह सरांच्या घरी फक्त एका सहीसाठी गेले होते. सहामाही अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते. दिवाळी होऊन आठवडा उलटला तरी सर विभागात आले नव्हते, फोनही उचलत नव्हते. म्हणून दुपारच्या बसनं कसबा बावड्यात उतरले. साखर कारखान्याचा हंगाम नुकता सुरू झाला होता. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास, दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुरभुर. रोजचंच सगळं.

सरांचं घर गल्लीच्या टोकाला. तीन खोल्या, एकीमागे एक. पुढच्या खोलीत सरांचं टेबल, पलंग आणि फळा. मधली जवळजवळ रिकामी, भिंतीला एक लोखंडी कपाट. मग स्वयंपाकघर. दारं एका रेषेत, त्यामुळे सरांच्या खुर्चीतून थेट गॅसची शेगडी दिसायची. मधल्या खोलीत शहाबादी फरशी होती. या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत नऊ फरश्या, चौदा फूट.

सरांच्या बायकोचं नाव संयोगिता, पण सगळे त्यांना आक्का म्हणायचे. बिद्रीच्या शेतकरी घरातल्या. मूलबाळ नव्हतं. मी सीमेकडची, आमच्या घरात निम्मं कन्नड, त्यामुळे आक्का म्हणताना मला थोरली बहीणच समोर दिसायची. आवाज असा खणखणीत, की परसात कुणाला हाक मारली तर गल्लीतली कुत्री उठून बसायची. दर आठवड्याला त्या हाताला धरून मला जेवायला बसवायच्या. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला याचं मोल काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

सर टेबलाशी होते. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? बस." मग मान आत वळवून हाक मारली, "अगं, शांभवी आलीय. च्या टाक."

आतून काहीच आलं नाही. मला वाटलं, आक्का देवळात गेल्या असतील. मी काही बोलणार तोच सरांनी बोट वर केलं. त्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडं होतं.

"थांब..."

आम्ही थांबलो. बाहेर एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला. आणि मग आतून आवाज आला, "टाकते की! बस म्हनावं तिला!"

आवाज आक्कांचाच होता, पण खाली गेलेला. घसा बसल्यावर बायकांचा आवाज पुरुषी होतो ना, तसा.

"अकरा सेकंद," सर म्हणाले. "काल नऊ होते."

आक्कांच्या कानाला काही झालं असेल, असं समजून मी उठून आत गेले. मधली खोली ओलांडली. आक्का शेगडीपाशी उभ्या होत्या, धडधाकट, डोळ्यांत तीच चमक. "काय गं, वाळलीस की!" त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीसारखा, कानठळ्या बसवणारा. मग त्यांनी चहाची साखर हातातच धरली आणि हळूच विचारलं, "तुमच्या सरांना काय झालंय गं? हाक मारत्यात तर हिरीत उतरून बोलल्यागत येतंय. आनी मी बोलले तर लगोलग उत्तर न्हाय. रागावल्यात व्हय माझ्यावर?"

मी वळून बघितलं. चौदा फुटांवर सर बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मग आला.

सरांचा विषय तुम्हाला सोपा करून सांगते. विश्व सुरू कसं झालं आणि संपणार कसं, यावर त्यांनी तीस वर्षं घालवली. दीर्घिका एकमेकींपासून लांब जातात, हे शाळेतही शिकवतात. पण त्या चालत कुठं जात नाहीत. मधली जागाच वाढत असते. म्हणून त्यांचा उजेड तांबडा पडत जातो, जसा लांब जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा आवाज खाली उतरतो. वाढता वाढता एक वेळ अशी येईल की कुणाचाही उजेड दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही. प्रत्येक जण आपापल्या काळोखात एकटा. ही वाढ कोणत्या गतीनं होते, याचं एक समीकरण सर मांडत होते. ते पूर्ण झालं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. त्यांनी आनंदानं आक्कांना हाक मारली आणि उत्तर यायला पहिल्यांदा उशीर झाला. पापणी लवण्याइतका.

हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. "आवाजाचा हिशेब कर," म्हणाले. "जाऊन-येऊन अकरा सेकंद. म्हणजे ती माझ्यापासून दोन किलोमीटरवर उभी आहे. इथनं नदीच्या बंधाऱ्यापर्यंत जेवढं होतं तेवढं. माझ्याच घरात."

"पण सर, मी आत्ता सहा पावलांत जाऊन आले."

"तू परकी हाईस," ते म्हणाले. "तुझ्याकरता कमी आहे. मी निघालो तर अर्धा तास चालून कपाटापाशीही पोचत नाही. छातीत भरून येतं, परत फिरतो. आणि आक्का मागच्या दारानं निघून गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आली परवा. तर तिथूनही तेवढीच लांब."

टेबलावर हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा होता, एकशे चाळीस पानं. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "यात चूक शोध, शांभवी. कुठंतरी चूक असणारच. बरोबर असेल तर हे वाढतच जाणार, पहिल्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त. मला चूक पायजे, बाळा. माझं सगळं खोटं ठरव."

तीस वर्षं ज्या माणसानं विद्यार्थ्यांच्या वहीतलं एक चिन्हही चुकू दिलं नाही, तो हात जोडून हे मागत होता. सही घ्यायची मी विसरलेच.

मी ती पानं घेऊन वसतिगृहात बसले. चूक सापडेना. एकीकडे रोज दुपारी बावड्याला जायचे, कारण आता दोघांमध्ये ये-जा करणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शेजाऱ्यांना सांगून कोण विश्वास ठेवणार? आक्कांचा भाऊ आकाराम एकदा बिद्रीहून आला, मधल्या खोलीतून सहज इकडून तिकडे चालला आणि म्हणाला, "भांडन झालंय दुसरं काय. म्हातारपनी अबोला धरलाय दोगांनी."

दोघांचे निरोप मी नेत होते. "त्यांना म्हनावं, रक्तदाबाची गोळी घ्या." "तिला सांग, मी हितंच आहे." आक्कांच्या हातचं ताट सरांना मीच न्यायचे. पहिल्या आठवड्यात सहा पावलं लागत. मग चाळीस. मी फरश्या मोजायचे, नऊच भरायच्या. पावलं मात्र दीडशे झाली, मग तीनशे. तव्यावरून काढलेली भाकरी सरांच्या ताटात पोचेपर्यंत गार पडू लागली. मधे कुठेतरी, पाचव्या-सहाव्या फरशीवर, ना पुढचा आवाज यायचा ना मागचा. आपला श्वास तेवढा ऐकू यायचा. आणि एक वास यायचा... पाणी आटलेल्या विहिरीत येतो तसा, थंड, जुना. तिथं मी कधी थांबले नाही.

डिसेंबर संपेपर्यंत सरांच्या बाजूने आक्का वेगळ्या दिसू लागल्या. लहान. आणि तांबूस, दिवस बुडताना माणूस दिसावा तशा. त्यांचं बोलणं यायला अर्धा तास लागायचा, आणि यायचं ते शब्द नसायचे, नुसती घरघर. सर ती घरघर मोबाइलवर घ्यायचे आणि वेग वाढवून ऐकायचे, तेव्हा कुठं त्यातून आक्का निघायच्या. एकदा मी शेजारी असताना त्यांनी तसं ऐकलं. आक्का म्हणत होत्या, "मी हितंच हाय वो. तुमीच लांब निघालाय. तीस वर्सं झाली निघालाय. आता तर हाकबी पोचंना."

सरांनी मोबाइल पालथा ठेवला आणि कपाळ टेबलावर टेकलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून हजार फुटांचा नायलॉनचा दोर आणला. कल्पना माझीच. एक टोक सरांच्या मनगटाला बांधायचं, दुसरं आक्कांच्या. मग दोघांनी ओढत ओढत जवळ यायचं. मोठ्या माणसाला हसू येईल असलं हे खुळं. पण सरांनी लगेच मनगट पुढं केलं, आणि आत आक्का उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी पदर खोचलेला होता.

दोर सोडत मी निघाले. पहिली फरशी, दुसरी. चौथीवर थंडी वाजायला लागली. सातव्या फरशीवर दोर संपला. चौदा फुटांच्या खोलीत हजार फूट संपले. समोर दोन फरश्या उरल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे आक्का. मी एका हातानं दोर ताणून धरला आणि दुसरा हात पुढं केला. आक्कांनी हात लांबवला. मधे वीतभर हवा होती. रोज ज्यांच्या हातचं जेवत होते त्यांचा हात मला धरता येईना. दोर हातात होता तोवर मी सरांच्या बाजूची होते.

"आजून जरा... आजून जरासं, पोरी..." आक्कांचे ओठ म्हणत होते. आवाज आला नाही. मी फरशीवर आडवी पडले. खांदा निखळेल इतका हात ताणला. ती वीत सरेना. आमच्या बोटांच्या मधल्या हवेत मी डोळे फाडून बघत होते, आणि मला दिसलं की ती वीत हळूहळू, अगदी हळू, मोठी होतेय.

आक्का रडल्या नाहीत. त्यांनी हात खाली घेतला आणि मला मानेनंच खूण केली, जा. परत.

त्या रात्रीपासून मी एकशे चाळीस पानं पुन्हा पहिल्यापासून तपासली. प्रत्येक पायरी. चूक नव्हती. इतकं निर्दोष गणित मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. वाढ थांबणार नव्हती. चार-सहा दिवसांत आक्का त्या बाजूनं दिसेनाशा होणार होत्या, कायमच्या.

संक्रांतीला दुपारी मी गेले. आक्कांनी तिळाच्या वड्या केल्या होत्या. त्यांनी एक माझ्या हातावर ठेवली, मग दुसरी, आणि म्हणाल्या, "ही त्येंना. पर तू देऊ नगंस. आज मला माझ्या हातानं द्यायची हाय. तीस वर्सांत एक संक्रांत चुकली न्हाय माझी." आणि इतके दिवस धरून ठेवलेला त्यांचा बांध फुटला. तोंडावर पदर दाबून त्या खाली बसल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, रडताना जराही आवाज नव्हता.

मी सरांकडे परत गेले. पाचशे बारा पावलं. प्रत्येक पावलाला माझ्या मनात एकच विचार पक्का होत गेला.

"सर," मी म्हणाले, "चूक सापडली."

त्यांनी वर बघितलं. डोळे खोल गेले होते.

"पान सत्त्याण्णव. चौथी ओळ. तिथून पुढचं सगळं चुकतंय. हे वाढत राहणार नाही, सर. थांबणार आहे. बहुतेक थांबलंसुद्धा असेल. तुम्ही निघालात तर... पोचाल."

मी पान समोर धरलं. आयुष्यात एक ओळ न तपासता पुढं न गेलेल्या माणसानं त्या पानाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "सापडली म्हणतेस."

"हो."

"बरं झालं." ते उठले. पलंगाखालून कॅनव्हासचे बूट काढले. आक्कांनी घरात कधी कुणाला वहाण घालू दिली नव्हती. नाड्या बांधल्या, पाण्याची बाटली भरली, बिस्किटांचा पुडा खिशात टाकला. उंबऱ्यावर थांबून छातीवर हात ठेवला आणि घर हलेल अशी हाक मारली, "आलो गं!"

आणि निघाले.

मी खुर्चीला धरून बघत होते. खोली तशीच होती. कपाट तसंच, खिडकीतून पडलेलं ऊन तसंच. त्यात सर मात्र लहान होत गेले. दुसऱ्या फरशीवर दहा वर्षांच्या पोराएवढे. तिसरीवर माझ्या वितीएवढे. ते रेंगाळत नव्हते, भराभर चालत होते, हात हलत होते. चौथ्या फरशीवर कुंकवाच्या टिकलीएवढे, आणि तसेच तांबडे. एकदा त्यांनी वळून मागं बघितल्यासारखं मला वाटलं. मग मी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं तर फरशीवर नुसतं ऊन होतं.

मी धावत सुटले. पलीकडे पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्का उंबऱ्याशी पाट मांडून बसल्या होत्या, नजर मधल्या खोलीत.

"निघाले न्हवं?" त्या म्हणाल्या.

"निघाले, आक्का. मी... मी खोटं..."

"गप. माहीत हाय मला." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "लांब हाईत. लई बारीक दिसत्यात. पर हिकडंच तोंड हाय."

मला तिथं काही दिसत नव्हतं.

पुढचं लोकांना माहीत आहे तेवढंच. सर बेपत्ता झाल्याची तक्रार झाली. कुणी म्हणालं नदीत गेले, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. आकारामनं आक्कांना बिद्रीला न्यायचा हट्ट धरला. त्यांनी दाराची चौकट सोडली नाही. मी पीएचडी सोडली. ज्याचं गणित बरोबर होतं त्याला चूक म्हणून बाहेर पाठवलं, मग कोणत्या तोंडानं पदवी घ्यायची? इथं गारगोटीत नोकरी मिळाली, आले. रविवारी आक्कांकडे जाते. त्या पाटावर बसून असतात. मी धान्य-भाजी आणते, दोघी जेवतो, त्यांचं डोकं विंचरून देते.

पहिल्या वर्षी चैत्रात एकदा स्वयंपाकघरातली भांडी वाजली. फळीवरचं पातेलं थरथरलं. भूकंप वाटला मला. आक्का म्हणाल्या, "हाक हाय ती." आम्ही दोघी ऐकत बसलो. एक खोल, लांबलचक गुरगुर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चाललेली. त्यांनी संक्रांतीला मारलेली हाक. आक्का दिवसभर हात जोडून बसल्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षं काही नाही.

गेल्या रविवारी मी गेले तर दार उघडं. आक्का नहाल्या होत्या, हिरवं लुगडं नेसलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. पाट रिकामा. त्या शेगडीपाशी लगबग करत होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा तो जुना आवाज ऐकला. "आलीस? ये. कान लाव बगू खाली."

मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर गुडघे टेकले आणि फरशीला कान लावला. दगड गार होता. आधी काहीच नाही. मग लांबून, फार लांबून, पावलं. बुटांची. ठप, ठप, ठप. चालण्याची ती लय मला ओळखू आली. आवाज घोगरा नव्हता. उलट बारीक, टिपेचा, घाईचा. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढतो तसा चढत होता. सर येत होते. पळत येत होते.

मी आनंदानं ओरडणार होते. तेवढ्यात बुटांच्या मागं मला दुसरी पावलं ऐकू आली.

अनवाणी. मऊ, ओलसर. एक जोडी नाही... दोन नाही. मी कान घट्ट दाबला. ती घाईत नव्हती. सगळी एका लयीत पडत होती आणि बुटांपासून तेवढंच अंतर राखून येत होती. त्या आटलेल्या विहिरीचा वास फरशीच्या सांध्यांतून वर येत होता. तिथं, इतक्या लांब, जिथं कुणाचा उजेड कुणाला पोचत नाही, तिथं कोण राहत होतं इतके दिवस? आणि सर पळत होते ते आक्कांकडे येण्यासाठी, की...

मी वर बघितलं. आक्का दारात उभ्या होत्या. एका हातात तांदळाचा डबा, दुसऱ्या हातात मापटं. चेहऱ्यावर लग्नघरातलं हसू.

"मोजलीस?" त्यांनी विचारलं. "सांग की पोरी. किती जनांचं रांधू?"